बोटावर ९८, गाठीत घुसमट

प्रश्न : माझ्या चुलतभावाला गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला आहे. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं आहे. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर घरात आहे, तो बोटाला लावला की ९८ दाखवतो. पण मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. त्यात म्हटलंय की कॅन्सर कमी ऑक्सिजनमध्ये वाढतो आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशीतली जनुकं बदलतात. रक्तात ९८ टक्के असताना गाठीत ऑक्सिजन कमी कसा पडेल? जनुकं बदलतात म्हणजे नेमकं काय होतं? ती बदललेली जनुकं त्याच्या मुलांत येतील का? आणि घरी ऑक्सिजनचं सिलिंडर आणून त्याला रोज तासभर लावलं तर उपयोग होईल का?
— एक वाचक, एरंडोल

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सिलिंडर आणू नका. कारण सांगायला थोडी जागा लागेल, कारण तुमचा पहिला प्रश्नच या सगळ्याच्या मुळाशी जाणारा आहे.

ऑक्सिमीटरवरचे ९८ म्हणजे बोटाच्या टोकाशी पोचलेल्या धमनीतल्या रक्तात ९८ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे, एवढंच. फुप्फुसांचं काम नीट चाललं आहे हे त्यावरून कळतं. त्या रक्तातून ऑक्सिजन बाहेर पडून शेवटच्या पेशीपर्यंत पोचला का, हे त्या यंत्राला कळत नाही. बारीक केशवाहिनीतून सुटलेला ऑक्सिजन पेशींमधून झिरपत पुढे सरकतो आणि वाटेतली प्रत्येक पेशी त्यातला आपला वाटा वापरून टाकते. म्हणून त्याची मजल फार नसते. एक ते दोन दशांश मिलिमीटरमध्ये तो संपतो. निरोगी गालात एवढ्या अंतरात केशवाहिनी असतेच. गाठीचं तसं नाही. ती घाईनं वाढते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, मध्येच बंद पडणाऱ्या असतात. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. निरोगी अवयवांच्या आत तो साधारण ३ ते ७ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि गाठीच्या कित्येक भागांत १ टक्क्याच्याही खाली जातो. बोटावर ९८ असतानाच हे घडत असतं.

१९५५ साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अंतरं मोजली. रक्तवाहिन्यांजवळच्या पेशी जिवंत होत्या, आणि तिथून सुमारे ०.१८ मिलिमीटरच्या पलीकडे सगळ्या मेलेल्या. या दोन्हींच्या सीमेवर काही पेशी अर्धवट घुसमटलेल्या पण जिवंत असणार, आणि रेडिएशनला त्याच दाद देत नसणार, असं त्यांनी ओळखलं. पुढे ते खरं ठरलं. ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट रेडिएशन लागतं. तुमच्या भावाच्या फाइलवर डोस ‘ग्रे’ या एककात लिहिलेला असेल. ते नाव याच लुई हॅरॉल्ड ग्रे यांचं.

खान्देशात मात्र ही घुसमट गाठ होण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सुपारीची पुडी वर्षानुवर्षं गालात धरली की गालाचं मऊ अस्तर निबर होत जातं. आधी शेवभाजीचा घास झोंबू लागतो, मग ठेचा बंद होतो, मग तोंड पूर्ण उघडेनासं होतं. आत पांढरट, ताठ पट्टे हाताला लागतात. ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात ते हेच. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी नैरोबीतल्या भारतीय स्त्रियांमध्ये ते पाहिलं आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून हे नाव रूढ केलं. सूक्ष्मदर्शकाखाली ते नीट समजावून सांगणारा १९६६ सालचा निबंध डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांचा. आजही जगभरचे दंतवैद्य त्यातली व्याख्या वापरतात. सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे अस्तराखाली कोलॅजेनचे धागे साचत जातात आणि रोग वाढेल तशा तिथल्या केशवाहिन्या त्यांच्यात दाबल्या जातात. श्रीलंकेतल्या अशा रुग्णांच्या नमुन्यांत, ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशीत साठणारं एक प्रथिन वाढलेलं आढळलं. गाठ नव्हती, तरी पेशींना हवा कमी पडत असल्याची ही खूण होती.

त्या प्रथिनाचं नाव एचआयएफ-१. त्याचा शोध आणि त्याचं काम उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. पेशी एचआयएफ सतत बनवत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर सतत मोडूनही टाकत असते. मोडण्यासाठी त्यावर आधी एक रासायनिक खूण उमटवावी लागते आणि ती उमटवणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन संपला की खूण उमटत नाही, एचआयएफ मोडत नाही, आणि ते केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं चालू करतं. नव्या रक्तवाहिन्या बोलावणारी, साखर भराभरा जाळणारी, पेशीला जागा सोडून हलायला लावणारी जनुकं त्यात असतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जनुकं बदलतात, असं व्हिडिओत म्हटलंय. ते अर्धं खरं आहे. एरंडोल एके काळी हातकागदासाठी ओळखलं जायचं, जुन्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. तसल्या कागदाची एक जाड चोपडी डोळ्यांसमोर आणा. मजकूर शाबूत आहे, एकही अक्षर खोडलेलं नाही, पण काही पानं खळीनं एकमेकांना चिकटवून टाकली आहेत. ती पानं चोपडीत आहेत, पण वाचता येत नाहीत. पेशीतही अक्षरं न बदलता पानं मिटवता येतात. एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. डीएनएवर किंवा हिस्टोनवर मिथाइल नावाचा चिमुकला रेणू जोडला की तो भाग घट्ट आवळला जातो किंवा सैल सुटतो. कुठे जोडला त्यावर ते ठरतं. जनुकाच्या सुरुवातीलाच डीएनएवर मिथाइल जमला की ते जनुक सहसा गप्प होतं. गालाची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यातली अक्षरं एकच असून त्या वेगळ्या वागतात, त्या याच खुणांमुळे. अक्षरांना हात न लावता होणारं हे नियंत्रण म्हणजे एपिजेनेटिक्स. पुण्याच्या आयसरमध्ये संजीव गलांडे यांनी आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये संजय गुप्ता यांच्या गटाने या विषयावर काम केलं आहे. म्हणजे हा विषय आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे.

खुणा लावणारी एन्झाइम वेगळी आणि पुसणारी वेगळी. आणि मला जी गोष्ट तुम्हाला मनापासून सांगायची आहे ती इथे आहे. मिथाइलची खूण लावायला ऑक्सिजन लागत नाही. पुसायला लागतो. डीएनएवरची खूण काढण्याची सुरुवात करणारी ‘टेट’ एन्झाइम २००९ साली अमेरिकेत अंजना राव यांच्या प्रयोगशाळेनं उजेडात आणली. ती मिथाइलला ऑक्सिजन जोडून तिथून काढण्याची वाट मोकळी करतात. हिस्टोनवरच्या खुणा पुसणारी ‘केडीएम’ एन्झाइमही बहुतेक याच पद्धतीची आहेत. एचआयएफवर खूण करणारं एन्झाइम, टेट आणि केडीएम, सगळी एकाच मोठ्या कुळातली आहेत. सगळ्यांना लोह, ऑक्सिजन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचा पदार्थ लागतो. म्हणून गाठीत ऑक्सिजन आटला की खुणा पडत राहतात आणि पुसल्या जात नाहीत. कोणाला मुद्दाम काही करावं लागत नाही.

२०१६ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या थिएनपाँ, लॅम्ब्रेख्ट्स आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. ऑक्सिजन कमी केल्यावर टेट एन्झाइमचं प्रमाण घटलं नाही, काम घटलं. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासल्यावर दिसलं की जिथे घुसमट जास्त, तिथे डीएनएवर मिथाइल जास्त, आणि ते जमलं होतं गाठीला आवर घालणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी. उंदरांच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या सुधारून ऑक्सिजन पोचवला तेव्हा या जादा खुणा कमी झाल्या. मला या संशोधनाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याने कार्यकारण दोन्ही बाजूंनी तपासलं.

मार्च २०१९ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात एकाच वेळी दोन निबंध आले. केलिन यांच्या प्रयोगशाळेतले अभिषेक चक्रवर्ती आणि सहकारी यांनी दाखवलं की केडीएम६ए हे एन्झाइम ऑक्सिजनची कमतरता स्वतःच ओळखतं, एचआयएफच्या मध्यस्थीशिवाय. ते मंदावलं की पेशी पक्व होत नाहीत, कच्च्याच राहतात, आणि कच्च्या पेशी वाढत राहतात. त्याचं जुळं भावंड म्हणावं असं केडीएम६बी मात्र इतकं संवेदनशील नाही. ब्रिटनमध्ये सोनिया रोशा यांच्या गटाला दिसलं की ऑक्सिजन कमी केल्यावर तासाभरातच हिस्टोनवरच्या खुणा बदलतात, आणि कोणती जनुकं पुढे चालू होणार हे त्या खुणांवरून आधीच वाचता येतं. हे सगळं एका दिशेनं वाहतं असंही नाही. एचआयएफ स्वतःच काही केडीएम एन्झाइमची निर्मिती वाढवतं, म्हणजे पेशी भरपाईची धडपड करते. पण डीएनएवरच्या खुणा हट्टी असतात. पेशी दुभागली की त्यांची नक्कल पुढच्या पेशीतही केली जाते. एक पेशी घुसमटीत जन्मली, नंतर रक्तवाहिनीजवळ सरकली, तरी बंद झालेली जनुकं बंदच राहू शकतात.

आपल्या भागातल्या कॅन्सरचा इथे आणखी एक धागा आहे. गाल आणि हिरडीचा कॅन्सर भारतात इतका जास्त आहे की आंतरराष्ट्रीय कॅन्सर जिनोम प्रकल्पात भारतानं हाच निवडला. ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय संस्था यांनी मिळून भारतीय रुग्णांच्या गाठी वाचल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत एमएलएल४ आणि एआरआयडी२ ही नावं निघाली. एमएलएल४ हिस्टोनवर मिथाइल लावणारं एन्झाइम बनवतं, आणि एआरआयडी२ डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करणाऱ्या यंत्रणेतलं आहे. म्हणजे आपल्याकडच्या काही गाठींत, खुणा सांभाळणाऱ्या जनुकांची अक्षरंच बिघडलेली असतात. वर ऑक्सिजनची टंचाई. एकाच यंत्रणेवर दोन्हीकडून घाव पडतो.

मुलांबद्दलची काळजी सोडा. हे बदल गालातल्या पेशींत झाले आहेत, बीजपेशींत नाहीत. ते मुलांत जात नाहीत. मुलांकडे जाऊ शकते ती पुडी, कारण ती घरात हाताशी असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन हातावर एकत्र करणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. नुसती सुपारीही कॅन्सर करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच दिला आहे.

आता सिलिंडर. हिमोग्लोबिन आधीच ९८ टक्के भरलेलं आहे, त्यात आणखी भरायला जागा नाही. नळी लावून जो थोडा जादा ऑक्सिजन रक्तात विरघळतो, तो गाठीतल्या बंद आणि वाकड्या वाहिन्यांपलीकडे पोचत नाही. अडचण शेवटच्या दोन दशांश मिलिमीटरमध्ये आहे, फुप्फुसात नाही. शिवाय घरात ऑक्सिजन चालू असताना कोणी बिडी पेटवली तर आग भडकते. ओझोन, अल्कलाइन पाणी, ऑक्सिजनयुक्त पाणी यांचंही हेच: पोटातून किंवा श्वासातून ते गाठीच्या आतलं वातावरण बदलत नाहीत. प्राणायामानं मन शांत राहत असेल तर तो जरूर करू द्या, पण उपचार म्हणून नाही, आणि रेडिएशनची वेळ चुकवून तर मुळीच नाही.

मग गाठीपर्यंत ऑक्सिजन जावा म्हणून काही करता येतं का? येतं, आणि त्यातलं बरंच तुमच्या हातात आहे. भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती आजच सुटली पाहिजे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. कॅनडातल्या डोके-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रेडिएशन चालू असताना धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली. न ओढणाऱ्यांत ते प्रमाण ७४ टक्के होतं. मशीन आणि उपचाराची रीत तीच असून हा फरक पडला. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर डॉक्टर ते पाहतील. पण रक्त वाढवणारी इंजेक्शनं मेडिकलमधून आणून देऊ नका. एरिथ्रोपोएटिन देऊन हिमोग्लोबिन वाढवलेल्या अशा रुग्णांत गाठीवरचा ताबा उलट सुटल्याचं २००३ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, एकही शेक, म्हणजे रेडिएशनची एकही वेळ, चुकवू नका. रेडिएशन आठवड्याला पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे, थोडं थोडं का देतात? निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो, हे एक कारण. दुसरं कारण याच विषयातलं आहे. आजच्या शेकात रक्तवाहिनीजवळच्या, ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी मरतात. त्या मेल्या की त्यांचा ऑक्सिजन वाचतो आणि आतल्या घुसमटलेल्या पेशींपर्यंत पोचतो. पुढच्या शेकात त्या मारता येतात. मध्येच चार दिवस कापूस वेचणीला माणूस नाही म्हणून किंवा घरात लग्न आहे म्हणून गावी आलात, तर उरलेल्या पेशी तेवढ्यात वाढून घेतात. जळगाव, नाशिक की मुंबई, उपचार कुठेही चालू असो, सोबतीला राहणाऱ्याची पाळी आधीच ठरवून घ्या. डेन्मार्कमध्ये शेकाच्या आधी निमोराझोल नावाची गोळी देतात. आपल्याकडे जुलाबावर मिळणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्याच कुळातली ती आहे. घुसमटलेल्या पेशीत ती ऑक्सिजनची काही जागा भरून काढते. मेट्रोनिडाझोल मात्र त्यासाठी स्वतःहून घेऊ नका. तो निमोराझोलचा पर्याय नाही.

चिकटलेली पानं औषधानं सोडवता येतील का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात येईलच. ॲझासिटिडीन आणि डेसिटाबीन ही मिथाइलच्या खुणा कमी करणारी औषधं रक्ताच्या काही कॅन्सरवर वापरात आहेत. गालासारख्या घन गाठींवर त्यांचा अजून तसा गुण आलेला नाही. त्यामागचं एक कारण असं वाटतं की गाठीत ऑक्सिजन पोचत नाही तिथे औषधही धड पोचत नाही, आणि खूण पुसली तरी घुसमट कायम असेल तर ती पुन्हा पडते. हे माझं मत आहे.

प्रश्न : वय २४. पाच वर्षं पुडी खातो. तोंडात दोनच बोटं जातात, तिखट सहन होत नाही. आता सोडली तर झालेल्या खुणा पुसतात का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : काही पुसतात, काही नाही. सिगारेट सोडलेल्यांच्या रक्तातल्या डीएनएवरचे मिथाइलचे बदल पाहिले तर बहुतेक पाच वर्षांत मूळ पातळीवर येतात, मोजके दीर्घकाळ टिकतात. सुपारीचे ताठ पट्टे मात्र पूर्ण विरघळत नाहीत. औषधं, तोंडाचे व्यायाम आणि वेळप्रसंगी शस्त्रक्रिया यांनी तोंड उघडणं सुधारतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागानं केरळमधल्या अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला. त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. बाकीच्यांना त्या काळात झाला नाही. तुम्ही कोणत्या गटात राहाल हे आज ठरलेलं नाही.

स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर ती तपासणीला जाण्याची वेळ आहे, आणि तुमची दोनच जातात. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. जवळ दंत महाविद्यालय असेल तर तिथेही चालेल. आरशासमोर, उजेडात, गाल ओढून पाहा. लाल किंवा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, हाताला लागणारी गाठ यांपैकी काही असेल तर तुकडा काढून तपासायला लागेल, त्याला घाबरू नका आणि नाही म्हणू नका. पुडीत तंबाखू असेल तर ती एकदम सोडताना पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते, झोप येत नाही. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११२-३५६ वर फोन लावलात तर त्या काळात बोलायला माणूस मिळतो, पैसे लागत नाहीत.